कुएलगामुरोसचा क्रूस आणि समेटाची भाषा

स्पेनचा हुकूमशहा फ्रान्सिस्को फ्रँको याने उभारलेले स्मारक मी पाहून आलो. ते यादवी युद्धातील दोन्ही बाजूंच्या मृतांचे आहे, असे त्याचे समर्थक सांगतात. हा दावा तपासून पाहिला पाहिजे.

माद्रिदपासून सुमारे ५० किलोमीटरवर, ग्वादारामाच्या डोंगरात १५० मीटर उंचीचा क्रूस दुरूनच दिसतो. त्याच्याखाली डोंगर पोखरून सुमारे २६० मीटर लांबीचे चर्च खोदले आहे. आत शिरलेला माणूस आपोआप लहान होतो. सत्तेला तेच हवे असते.

१९३६ साली निवडून आलेल्या प्रजासत्ताकाविरुद्ध लष्कराने बंड केले आणि १९३९ साली ते जिंकले. विजयाच्या पहिल्या वर्षदिनी, १ एप्रिल १९४० रोजी, फ्रँकोने या स्मारकाचा हुकूम काढला. त्यात गौरव होता तो स्वतःच्या बाजूच्या मृतांचा. १९४३ ते १९५० या काळात येथे मोलमजुरांबरोबर कैदीही राबले. त्यांत पराभूत पक्षाचे राजकीय कैदी होते. कामाच्या मोबदल्यात शिक्षेत सूट मिळे, पण मजुरीचा मोठा वाटा शासन कापून घेई. हरलेल्यांच्या हातांनीच जेत्याचा विजय दगडात खोदला गेला.

१९५५ साली स्पेन संयुक्त राष्ट्रसंघात आला. काळ बदलला, तशी भाषाही बदलली. १९५९ साली उद्घाटन झाले तेव्हा 'समेट' हा शब्द पुढे आला. ३३ हजारांहून अधिक मृतांचे अवशेष येथे आणले गेले. त्यांत सामूहिक खड्ड्यांतून उकरलेले प्रजासत्ताकवादीही होते. अनेकांच्या घरच्यांना विचारलेसुद्धा नाही. वेदीजवळ मात्र नाव कोरलेल्या शिळा दोनच होत्या: फालांखे पक्षाचा संस्थापक होसे आंतोनियो प्रिमो दे रिवेरा याची, आणि १९७५ नंतर खुद्द फ्रँकोची.

मारणारा नावानिशी मध्यभागी आणि मारलेले बिननावाचे भिंतीआड, याला समेट म्हणता येणार नाही. समेटाला दोन्ही पक्षांची संमती लागते, आणि त्याआधी न्याय लागतो. समतेचा प्रश्न टाळून समरसतेचे गोडवे गाणारे आपल्याला नवे नाहीत.

२०१९ साली फ्रँकोचे शव येथून हलवले गेले. २०२२ च्या कायद्याने 'पतितांची दरी' हे नाव जाऊन कुएलगामुरोस हे जागेचे मूळ नाव परत आले. २०२३ साली प्रिमो दे रिवेराचेही शव हलले. त्याच वर्षी न्यायवैद्यक तज्ज्ञांनी, कुटुंबांच्या मागणीवरून, ओलीने कुजलेल्या पेट्यांतील मिसळलेली हाडे वेगळी करण्याचे काम हाती घेतले.

हा क्रूस पाडावा असे म्हणणारे आहेत. त्यांचा संताप मला समजतो. तरी पाडण्याने पुरावाही जाईल. तो उभा राहावा. पण तो कोणी खोदला आणि आत कोणाला न विचारता पुरले, हे दारातच वाचायला मिळाले पाहिजे.