अक्रोडाचा दस्ता आणि जवसाचे तेल

बंदुकीच्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या अक्रोडी लाकडाच्या भागावर, इंग्लंडमधील जुने कारागीर जवसाचे तेल चोळत. हे तेल नुसते सुकत नाही, तर हवेतील प्राणवायू शोषून लाकडाच्या रंध्रांत घट्ट होते, आणि म्हणूनच प्रत्येक हात अगदी पातळ देऊन तो पुरता वाळेपर्यंत थांबणे अटळ असते. तत्पूर्वी लाकूड ओल्या फडक्याने पुसून, उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिशपेपरने घासले जातात. फिकट लाकडाला तांबूस छटा यावी म्हणून तेलात अल्कानेट या वनस्पतीची मुळे भिजत घालत. रंगाचा जाड थर लाकडाच्या रेषा झाकतो, ही छटा मात्र त्या खुलवते, म्हणून तीच श्रेयस्कर. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. त्या उघड्यावर पसरूनच वाळवाव्यात.