फिजीला सॅम्पल घेऊन जाताय? मग तिकीट सगळ्यात शेवटी काढा



यवतमाळच्या कार्यशाळेत जेवणाच्या सुट्टीत बचत गटाच्या एक ताई भेटल्या. पापड, मूगवडी, लाल तिखट असा त्यांचा गृहउद्योग. म्हणाल्या, "सर, ओळखीचं एक कुटुंब फिजीत हाय. तिथं आपल्या मालाले गिऱ्हाईक हाय म्हणते. व्हिसा बी लागत नाही. तिकीट स्वस्त भेटून राह्यलं, बॅग भरून निघू का?"

मी विचारलं, "ताई, तिकिटाचे पैसे कुणाचे?" त्या म्हणाल्या, "गटाचे."

म्हणजे चूक झाली तर दहा बायकांची बचत बुडणार. म्हणून हा विषय आज नीट समजून घेऊ.

बाजार आहे का? आहे.

प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर 14 मे 1879 रोजी 'लिओनिडास' हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन पोहोचलं. 1916 पर्यंत असे सुमारे 60,000 लोक करारावर ऊसमळ्यांत कामाला गेले. त्यांना गिरमिटिया म्हणतात. बहुतेक जण उत्तर भारतातले आणि दक्षिणेतले होते. आज फिजीच्या लोकसंख्येत त्यांचे वंशज साधारण एक तृतीयांश आहेत. डाळ, मसाला, लोणचं त्यांच्या रोजच्या जेवणात आहे. म्हणजे ताईंचा अंदाज चुकीचा नव्हता, फक्त कामांचा क्रम चुकला होता.

पहिलं काम: कागद

भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला फिजीत आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमानतळावर चार महिन्यांपर्यंतचं व्हिजिटर परमिट मिळतं. पण 'व्हिसा नाही' म्हणजे 'अट नाही' असं समजू नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. पासपोर्ट नसेल तर आपला जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. 36 पानी साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये आहे.

आता खरी मेख. फिजीला जाताना वाटेत विमान बदलावं लागतं. सिंगापूरला विमानतळाबाहेर न पडता पुढचं विमान पकडणार असाल तर सहसा व्हिसा लागत नाही. पण तेच तिकीट ऑस्ट्रेलियामार्गे असेल, तर भारतीयाला तिथला ट्रान्झिट व्हिसा आधी काढावा लागतो. त्याला फी नाही, पण वेळ लागतो. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच बोर्डिंग पास मिळत नाही, आणि स्वस्त तिकिटाचे पैसे बहुतेक परत येत नाहीत. म्हणून तिकिटाची किंमत बघण्याआधी मार्ग बघा.

दुसरी गोष्ट, व्हिजिटर परमिट फिरण्यासाठी असतं. त्यावर दुकान मांडता येत नाही, नोकरी करता येत नाही. व्यवहाराच्या बैठका करायच्या असतील तर नवी दिल्लीतल्या फिजीच्या उच्चायुक्तालयाला आधी लेखी विचारा. नियम बदलतात, तेव्हा "एजंट म्हणाला" यावर जाऊ नका.

दुसरं काम: तब्येत

बेटं आजारांबाबत एवढी कडक का? 1875 मध्ये सिडनीहून परतलेल्या जहाजातून फिजीत गोवर शिरला आणि सुमारे 40,000 माणसं गेली. 'लिओनिडास'वरही कॉलरा आणि देवी होती, म्हणून मजुरांना आधी एका छोट्या बेटावर वेगळं ठेवलं होतं. 2019 मध्ये शेजारच्या सामोआत गोवरानं 83 जीव घेतले, त्यात बहुतेक लहान मुलं. बाहेरून आलेला एक आजारी माणूस बेटाला किती महाग पडतो, हे त्यांनी भोगलंय.

भारतातून सिंगापूरमार्गे जाणाऱ्याला पिवळ्या तापाचा दाखला लागत नाही. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशातून जात असाल तर लागतो. ती लस अधिकृत केंद्रावरच मिळते आणि दाखला 10 दिवसांनी लागू होतो.

फिजीत मलेरिया नाही, पण डेंग्यू आहे. तिथला डास दिवसा चावतो, म्हणून अंगभर कपडे आणि डासांचं मलम ठेवा. पाऊस-वादळाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळात लेप्टोस्पायरोसिस वाढतो, तेव्हा साचलेल्या पाण्यात, चिखलात अनवाणी चालू नका. निघायच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटून गोवर, टायफॉइड, कावीळ आणि धनुर्वात या लसींबद्दल विचारा. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह न्या. आणि प्रवास विमा काढाच. गंभीर आजारात पेशंटला दुसऱ्या देशात हलवावं लागलं तर तो खर्च आपल्या आवाक्यातला नसतो.

तिसरं काम: बॅग

ताईंच्या बॅगेत तिखट, पापड आणि वर ओळखीच्यांसाठी गावरान वांग्याचं बियाणं जाणार होतं. मी म्हटलं, "ताई, गुलाबी बोंडअळी आठवते?" त्या गप्प झाल्या. 2017 च्या हंगामात एका अळीनं आपल्या कापसाचं काय केलं, हे यवतमाळकराला सांगावं लागत नाही. बेटाला तीच भीती आहे.

म्हणून बियाणं, ताजी फळं-भाज्या, मांस, दूध-तूप, मध परवान्याशिवाय नेऊच नका. बाकी खाण्याची प्रत्येक वस्तू विमानातल्या फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर दंड होऊ शकतो. सॅम्पलसाठी परमिट लागतं का, हे 'बायोसिक्युरिटी अथॉरिटी ऑफ फिजी'ला आधी ई-मेल करून विचारा. उत्तराची प्रिंट जवळ ठेवा.

मग क्रम काय?

1. एफएसएसएआय नोंदणी, नीट पॅकिंग आणि लेबल. नंतर आयात-निर्यात कोड. तो ऑनलाइन मिळतो, फी 500 रुपये. मसाला निर्यात करायचा तर मसाला मंडळाची नोंदणीही लागते.
2. परवानगीचं उत्तर आलं की सॅम्पल आधी पोस्टानं पाठवा. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं याच कामासाठी आहेत.
3. गिऱ्हाईकाचा होकार लेखी घ्या.
4. पासपोर्ट, ट्रान्झिट व्हिसाची चौकशी, लसी, विमा.
5. आणि मग तिकीट.

बघा, पहिल्या तीन पायऱ्यांना विमानात बसावंच लागत नाही! तिथं गाडी अडली तर थोडक्यात नुकसान होतं, गटाचं भांडवल शाबूत राहतं.

ताईंनी त्या दिवशी तिकीट काढलं नाही. वहीत पाच ओळी लिहून घेतल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आधी माल जाईन, मंग मी." अगदी बरोबर, ताई.

आजचा गृहपाठ: तुमच्या मालाच्या पाकिटामागचं लेबल काढा. त्यातला प्रत्येक घटक परदेशातल्या अनोळखी अधिकाऱ्याला समजेल असा इंग्रजीत लिहिलाय का, ते तपासा. नसेल तर उद्या सकाळी पहिलं काम तेच.