कुंडलिकेत बारा महिने बोट चालते, मग सावित्रीत का नाही? समजून घ्या पाण्याचं गणित

कोलाड : पावसाळा लागला की शनिवार-रविवारी कोलाड नाक्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. ही मंडळी येतात कुंडलिकेच्या राफ्टिंगला. आता राफ्टिंगच्या जोडीला कयाकिंगही आलं आहे. हे बघून महाड, पोलादपूर, नागोठणे भागातली पोरं विचारतात, "नदी आमच्याकडे पण आहे, पाऊस तर धो धो पडतो. मग हा धंदा आमच्याकडे का नाही?" प्रश्न रास्त आहे. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही आणि पोरं कामाला पनवेल-मुंबई गाठतात. पण नदीत बोट टाकण्याआधी त्या नदीत पाणी कुठून येतं, किती वेळ टिकतं आणि कसं उतरतं, हे समजून घ्यायला हवं.

कुंडलिकेचं पाणी येतं कुठून?

घाटावर पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशी धरण आहे. मुळेचं पाणी एरवी भीमा, कृष्णा करत पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं. ते अडवून बोगद्यातून आणि मोठ्या नळांमधून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रावर सोडलं जातं. उतार जवळपास 500 मीटरचा. टाटांचं हे केंद्र 1927 साली सुरू झालं. या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्यासाठी 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह झाला आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती बापट' झाले, हा इतिहास विसरता येत नाही.

वीज तयार झाल्यावर हे पाणी रवाळज्याकडून कुंडलिकेत उतरतं. मार्च 2017 मध्ये भिऱ्यात 46.5 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा उन्हाळ्यातसुद्धा खालच्या अंगाला नदी वाहती असते ती या पाण्यामुळे. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून हेच पाणी कालव्यांनी शेतीला जातं. म्हणजे ज्या पाण्यावर पर्यटक बोट चालवतात, त्याच पाण्यावर आपलं उन्हाळी भात उभं असतं.

राफ्टिंगवाल्यांचं वेळापत्रक याच पाण्यावर बांधलेलं आहे. पाणी साधारण सकाळी सुटतं, नदी चढते आणि मग पुढच्या बारा-चौदा किलोमीटरच्या पट्ट्यात बोटी निघतात. विजेची मागणी बदलली किंवा दुरुस्ती निघाली तर पाणी कमी-जास्त होतं. पाणी नाही त्या दिवशी बुकिंग रद्द. तरीही महिन्यातल्या बहुतेक दिवशी पाणी येणार याचा अंदाज असतो, आणि धंद्याला तोच लागतो.

पावसाच्या नद्यांचा स्वभाव वेगळा

सावित्री, काळ, गांधारी, अंबा या नद्या पावसाच्या. सह्याद्रीचा कडा आणि खाडी यात अंतर थोडकं, उतार मात्र उभा. घाटमाथ्यावर कोसळलेलं पाणी काही तासांत गावाच्या वेशीवर येतं आणि पाऊस थांबला की तितक्याच लवकर ओसरतं. लावणीच्या दिवसांत चार दिवस उघडीप पडली की ज्या वहाळाला दुपारी लोंढा होता, त्यात गुडघाभर पाणी उरतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको.

हिशेब करून बघा. एक चौरस किलोमीटर डोंगरावर 100 मिलीमीटर पाऊस पडला तर पाणी होतं 10 कोटी लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर, आणि तेही एका चौरस किलोमीटरचे. सावित्रीला तर अख्ख्या खोऱ्याचं पाणी येऊन मिळतं, वर महाडजवळ काळ आणि गांधारी तिला भेटतात. त्यात उधाणाची भरती असली की खाडी पाणी घेत नाही आणि फुगवटा मागे येतो. 22 आणि 23 जुलै 2021 ला महाडने काय भोगलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल गेला तोही अशाच पुरात.

मग जगात पावसाच्या नदीत कयाक चालवत नाहीत का?

चालवतात. केरळात कोझिकोड जिल्ह्यात चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या नद्यांवर ऐन पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो. परदेशातले खेळाडू येतात, कारण पाणी त्याच दिवसांत असतं. पण तिथेही आयोजकांना आभाळाकडे बघावं लागतं. पाऊस कमी तर खडक उघडे, जास्त तर नदी बंद. पावसाचा हा भरवसा नाही म्हणून 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा आऊग्सबुर्गला खास बांधलेल्या कालव्यात शर्यती झाल्या.

नदीच्या अवघडपणाला जगभर एक ते सहा अशी श्रेणी देतात. एक म्हणजे सोपं वाहतं पाणी, सहा म्हणजे जिवावर बेतणारं. कुंडलिका नेहमीच्या पाण्याला दोन ते तीनमध्ये बसते. पण ही श्रेणी त्या पाण्यापुरतीच खरी. पाणी वाढलं की तीच नदी चार-पाचवर जाते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो.

राफ्ट आणि कयाक यात फरक काय?

राफ्ट रबराची, रुंद. सात-आठ जण आणि मागे गाइड. कयाक अरुंद, बहुतेक एकट्याची. ती सहज उलटते आणि उलटल्यावर वल्ह्याच्या झटक्याने सरळ करावी लागते, त्याला 'रोल' म्हणतात. तो स्थिर पाण्यात शेकडो वेळा केल्याशिवाय वाहत्या पाण्यात उतरू नये. राफ्टसोबत जो एकटा कयाकवाला फिरताना दिसतो तो मजेसाठी नसतो. पाण्यात पडलेल्याला उचलायला तो असतो.

आपल्या नद्यांत तीन धोके खास आहेत. पहिला बंधारा. वरून तो निरुपद्रवी दिसतो, पण खाली पडणारं पाणी उलटं फिरतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही. दुसरा धोका साकव आणि मोऱ्यांचा. पाणी चढलं की खाली डोकं घालायला जागा उरत नाही. तिसरा, काठावरची झाडं आणि बांबूची बेटं. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो.

स्थानिकांनी काय करावं?

पहिलं, घाटमाथ्याचा पाऊस बघायचा. कोलाडला ऊन असतं तेव्हा ताम्हिणीत कोसळत असतो. पाणी एकदम गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा वरून आवाज वाढला तर क्षणभर न थांबता काठावर यायचं. हे आपले गुराखी आणि मासे धरणारे पिढ्यान् पिढ्या करत आलेत.

दुसरं, पातळी बघायची. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन रोज नद्यांची पातळी जाहीर करतं. कुंडलिकेची इशारा पातळी 23 मीटर आणि धोका पातळी 23.95 मीटर आहे. सावित्रीची 6 आणि 6.50, अंबेची 8 आणि 9 मीटर. हे आकडे पुरासाठी आहेत. बोटीसाठी त्याच्या कितीतरी आधी थांबावं लागतं. विसर्गाची बातमी क्युसेकमध्ये येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला मोठे पावणेतीन-तीन टँकर.

तिसरं, नोंदणी आणि प्रशिक्षण. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन विभागाकडे नोंदणी करायची आहे. चार जॅकेटं आणि एक सेकंडहँड बोट घेतली म्हणजे धंदा झाला असं नाही.

पावसाच्या नदीवर पोट भरण्याचा धंदा उभा राहणं कठीण आहे, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. वर्षातले मोजके दिवस मिळतील आणि तेही लावणीच्या मोसमात. पण पाणी वाचणारी, दोरी टाकता येणारी, बोट चालवणारी चार पोरं प्रत्येक नदीकाठच्या गावात असावीत, यासाठी हे शिक्षण हवंच. पूर आला, कुणी बुडालं की बाहेरून पथक पोहोचेपर्यंत हाताशी गावातलीच माणसं असतात. ग्रामपंचायतींनी पुलाच्या खांबावर पातळीच्या रंगीत खुणा करून घेतल्या आणि विसर्गाची वेळ घाटावर फलकावर लिहिली, तर कपडे धुणाऱ्या आयाबहिणींनाही त्याचा उपयोग होईल.

नदीला पाणी अचानक वाढलेलं दिसलं किंवा कुणी अडकलं असेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर, किंवा 112 वर कळवा. स्वतः उडी मारू नका. आधी दोरी किंवा रिकामा प्लास्टिकचा कॅन फेका.