घरची वीज तपासण्याची स्वस्त साधने

आपल्या वस्त्यांतील बहुतेक घरी वीज तपासण्याचे एकच साधन असते, ते म्हणजे टेस्टर. फेज कोठे आहे हे तो सांगतो, अर्थिंग आहे की नाही हे सांगत नाही. शिवाय त्यातील निऑन दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर लागतो. लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास तो मंद होतो, उन्हात तर दिसतही नाही. दिवा दिसला नाही म्हणून तारेला हात लावणे जिवावर बेतते.

म्हणून साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा, असे आम्ही सुचवितो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो काही शे रुपयांत मिळतो. घरासाठी भारी मीटर नको. पण आत फ्यूज असावा व तारांचे आवरण जाड असावे. 'कॅट थ्री' ही खूण स्वस्त मीटरवर नुसती छापलेलीही असते!

चक्री ए.सी. व्होल्टवर, सर्वांत मोठ्या आकड्यावर ठेवावी. लाल तार 'दहा अँपिअर'च्या खाचेत राहिली तर सॉकेटला लावताच शॉर्ट सर्किट होते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. फेज व न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट दिसतात. फेज व अर्थमध्येही जवळपास तेवढेच दिसायला हवेत. फारच कमी दिसले तर इस्त्री, गिझर, लोखंडी कूलर बंद ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवावे. (आकडा बरोबर आला तरी अर्थिंग पुरेसे मजबूत आहेच असे नाही, ते वायरमननेच तपासावे.)

१४ एप्रिलच्या मंडपासाठी विहारातून वीज घेण्यापूर्वी तो सॉकेटही असाच पाहून घ्यावा. मंडपाचे खांब लोखंडी असतात, आणि त्यांना टेकून लहान मुले उभी असतात.