मदत पोचेपर्यंतचे हात

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर चढलं आणि कोल्हापूरची वाट कित्येक दिवस बंद झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ तळेगावजवळ, सुदुंबऱ्याला. जवान कितीही तत्पर असले तरी रस्ताच पाण्याखाली गेल्यावर पहिले तास गावाला स्वतःच्या बळावर काढावे लागतात. ‘आपदा मित्र’ ही योजना त्या तासांसाठी आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ती ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू केली. पुढे ३५० जिल्हे आणि १ लाख स्वयंसेवक असं उद्दिष्ट ठरलं. १८ ते ४० वयोगटातल्या गावकऱ्यांना १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं.

शिकवतात काय? पूर म्हटलं की पट्टीचा पोहणारा आधी उडी घेतो. इथे पहिला धडा नेमका उलटा: उडी सगळ्यात शेवटी. आधी काठावर आडवं होऊन बांबू पुढे करायचा. तो पुरला नाही तर दोर फेकायचा, तेही बुडणाऱ्याच्या पलीकडे पडेल असा, म्हणजे ओढताना तो त्याच्या हाताशी येतो. मग होडी. बुडणारा माणूस जिवाच्या आकांताने मिठी मारतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली नेतो, म्हणून हा क्रम. लाइफ जॅकेट नसेल तर झाकणं घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या छातीपाठीला बांधून कसं तरंगायचं, दोन बांबू नि दोन सदऱ्यांचं स्ट्रेचर कसं होतं, श्वास थांबलेल्याची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल कशी दाबायची, हे सगळं हाताने करून घेतलं जातं.

नुसत्या उमेदीची किंमत फार मोठी असते. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात सामान्य नागरिकांनी ढिगाऱ्यांतून ८०० हून अधिक जीव वाचवल्याचं सांगतात, पण त्या धडपडीत शंभराहून अधिक स्वयंसेवक स्वतः गेले. आपल्याकडे ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. धीर कुणाचाच कमी नव्हता. बोटीत किती जण बसवायचे आणि कुणाला ‘पुढच्या फेरीला या’ म्हणायचं, हे ठामपणे सांगणारा शिकलेला माणूस प्रत्येक काठावर हवा.

माझ्या मते १२ दिवस ही सुरुवात झाली. दोराची गाठ वर्षभर मारली नाही तर हात विसरतो. दर मे महिन्यात, पावसाआधी, गावच्या नदीतच उजळणी व्हायला हवी आणि तिच्यात बायकाही बरोबरीने हव्यात, कारण पाणी घरात शिरतं तेव्हा म्हातारी माणसं आणि पोरं त्यांच्याच हाताशी असतात.

तुमचं गाव नदीकाठी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन प्रशिक्षणाची चौकशी करा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, तो घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.