येवल्याहून निघालेलं खोकं

कुरिअरनं आलेलं एखादं रिकामं खोकं घरात असेलच. ते जरा जवळ ओढा आणि त्याच्या झडपेची कड डोळ्यांसमोर धरा. वर एक सपाट कागद, खाली एक सपाट कागद आणि मधे लाटा घेत गेलेला तिसरा. असल्याच कागदांच्या भरवशावर हजारो रुपयांची पैठणी येवल्याहून निघते, गाडीत इतर सामानाखाली दबते, चार ठिकाणी उतरते, चार ठिकाणी चढते आणि गुवाहाटीच्या एखाद्या लग्नघरात घडीसुद्धा न विस्कटता पोचते. कागद म्हणजे आपण ज्याचं विमान करतो तोच ना? मग त्याच्यात एवढं बळ येतं कुठून?

येवला नाशिक जिल्ह्यात आहे. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ता आणि मनमाडहून अहिल्यानगरला जाणारा रस्ता इथे विंचूर चौफुलीवर एकमेकांना छेदतात. गावात घरोघरी हातमाग आहेत. रेशीम बहुतेक कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून येते आणि मागावर बसलेला विणकर पदरात मोर, पोपट, कमळ उमटवत जातो. पैठणी घ्यायची तर येवल्याला जायचं हा रिवाज अजूनही आहे. पण आता फोनवर रंग बघून घरबसल्या साडी मागवणारेही पुष्कळ झालेत. म्हणून पैठणी विकणाऱ्याला आणखी एका कारागिराची गरज पडते, खोकी बनवणाऱ्याची!

समजा, आपलंच पैठणीचं दुकान आहे. खोकेवाल्या काकांना आपण फोन लावला: ‘‘काका, दुकानाचं नाव छापलेली खोकी हवीत.’’

पलीकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. ‘‘आतलं माप सांगा. थ्री प्लाय की फाइव्ह प्लाय? वजन किती भरणार? एकावर एक किती रचणार? छपाई किती रंगांत? नग किती?’’

काका उगाच चौकशी करत नाहीत. यातल्या प्रत्येक प्रश्नामागे विज्ञान आहे.

प्लायपासून सुरुवात करू. प्लाय म्हणजे कागदाचा थर. त्यासाठी आधी एक प्रयोग करा. दोन पुस्तकं वीतभर अंतरावर ठेवा आणि त्यांच्यावर वहीचा कोरा कागद पुलासारखा टाका. मधोमध खोडरबर ठेवलंत की पूल कोसळला! आता त्याच कागदाला एक-एक सेंटीमीटरच्या घड्या घाला, एक वर, एक खाली. घड्यांच्या रेघा एका पुस्तकाकडून दुसऱ्या पुस्तकाकडे जातील असा कागद ठेवा. आता खोडरबर ठेवा, मग पेन ठेवा, मग अख्खी कंपासपेटी ठेवून बघा. कागद तोच, वजनही तेवढंच, पण आता तो वाकायचं नाव घेत नाही.

काय झालं? कुठलीही वस्तू खाली वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. सपाट कागदात वरची बाजू आणि खालची बाजू यांत अंतर जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो सहज वाकतो. घड्या घातल्या की कागदाचा काही भाग वर जातो, काही खाली जातो, आणि दोन्हींत चांगलं अंतर पडतं. आता वाकायचं तर वरच्या कडांना आखडावं लागेल आणि खालच्या कडांना लांबावं लागेल. ओढून कागद लांबवून बघा बरं! फाटेल, पण लांबणार नाही. घराच्या छपरावरचा पन्हळी पत्राही याच कारणानं एवढा पातळ असून पाऊस-वारा झेलतो.

खोक्याच्या पुठ्ठ्यात ही युक्ती आणखी पुढे नेलेली आहे. मधल्या लाटांचं मुख्य काम वरच्या आणि खालच्या सपाट कागदाला एकमेकांपासून दूर धरून ठेवणं. एक दाबाला तोंड देतो, दुसरा ताणाला. मधे बहुतांश हवाच असते. म्हणून पुठ्ठा ताठ असतो आणि तरी हलका असतो. मला तर वाटतं, माणसानं कागदाचं जे काही केलं त्यात पुस्तकाच्या खालोखाल हाच शोध देखणा आहे.

गंमत म्हणजे हा लाटांचा कागद पहिल्यांदा वापरला गेला तो डोक्यावर. 1856 साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं, उंच टोप्यांच्या आत अस्तर म्हणून! टोपी ताठ राहायची आणि घामाला वाराही लागायचा. 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सनं बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला असा कागद वापरला. त्याला एकाच बाजूनं सपाट कागद चिकटवलेला असे. तीन वर्षांनी ऑलिव्हर लाँगनं दुसऱ्या बाजूलाही कागद लावला आणि आजचा थ्री प्लाय पुठ्ठा तयार झाला. तरीही त्याचं घडीचं खोकं झटपट कसं करायचं हा प्रश्न होताच. त्याची वाट सापडली ती एका चुकीतून. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात 1879 साली बियाण्यांच्या कागदी पिशव्या छापल्या जात होत्या. पिशवीवर नुसती घडीची रेघ पाडणारी धातूची पट्टी जागची सरकली आणि तिनं पिशव्या कापूनच टाकल्या. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. गेअर यांच्या मनात मात्र आलं, की कापणं आणि घडी पाडणं ही दोन्ही कामं एकाच दाबात होऊ शकतात! आज खोकी आपल्याकडे सपाट गठ्ठ्यांत येतात आणि आपण ती क्षणात उभी करतो, ती या कल्पनेमुळे.

पुठ्ठा बनवण्याच्या यंत्रात दातेरी, वाफेनं तापवलेले दोन रूळ असतात. त्यांच्यामधून कागद गेला की त्याला लाटा पडतात. लाटांच्या टोकांना खळ लागते आणि सपाट कागद येऊन चिकटतो. ही खळ बहुधा मक्याच्या स्टार्चची असते. येवला तालुक्यातल्या शेतांत कांद्याबरोबर जो मका दिसतो, त्याच मक्याचं! थंड असताना ती पातळ असते आणि उष्णता लागली की घट्ट होऊन कागद धरून ठेवते. लाटांना कागद जास्त लागतो हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मीटरभर पुठ्ठ्यासाठी मधल्या थराला लाटेच्या उंचीप्रमाणे सव्वा ते दीड मीटर कागद खर्ची पडतो.

या लाटेला कारखान्यात फ्लूट म्हणतात. ए फ्लूट पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास उंच, बी फ्लूट तीन मिलिमीटरच्या थोडी वर, ई फ्लूट जेमतेम दीड मिलिमीटर. उंच लाट धक्के चांगले सोसते, बारीक लाटेवर छपाई सुबक उमटते. लाटांचे दोन थर घेतले की पाच कागद होतात, तो फाइव्ह प्लाय. तीन थर घेतले की सेव्हन प्लाय. एकटी साडी पाठवायला थ्री प्लाय पुरतो. पंचवीस साड्यांचा गठ्ठा पाठवायचा असेल तर काका फाइव्ह प्लायचाच आग्रह धरतील, आणि ते बरोबर असेल.

आता तुमच्या खोक्याच्या भिंतीकडे बघा. लाटा उभ्या आहेत की आडव्या? बहुतेक खोक्यांत त्या उभ्याच असतात. पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा कापा. लाटा उभ्या धरून वरून तळहातानं दाबा, मग तो तुकडा फिरवून लाटा आडव्या धरून दाबा. उभ्या लाटांचा प्रत्येक पोकळ खांब भार घेतो. आडव्या असल्या की पुठ्ठा लगेच दुमडतो. शिवाय भिंतीच्या मधल्या भागापेक्षा कोपरे फार बलवान असतात. खोक्यावर पडणाऱ्या भारातला जवळजवळ दोन तृतीयांश भार कोपऱ्यांजवळचा भाग पेलतो. म्हणून गोदामात खोकी रचताना कोपऱ्यावर कोपरा यायला हवा. वरचं खोकं थोडं सरकलं, की त्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या कमजोर भागावर येतो आणि मग सगळ्यांत खालचं खोकं आधी बसतं.

छपाईचा प्रश्न आला की दुकानदाराचा जीव वरखाली होतो. त्याला खोक्यावर मोर हवा असतो, पैठणीवरच्यासारखा, निळा-हिरवा-सोनेरी. काका विचारतात, ‘‘किती रंग?’’ कारण प्रत्येक रंगाला वेगळा स्टिरिओ लागतो. स्टिरिओ म्हणजे रबराचा किंवा मऊ पॉलिमरचा उठावाचा ठसा. चार रंग म्हणजे चार ठसे, आणि चारही अचूक एकाच जागी पडले पाहिजेत, नाहीतर मोराचा डोळा डोक्याबाहेर! ठसा मऊ असतो तोही मुद्दाम, कारण जोरात दाबलं तर आतल्या लाटाच चेपतील आणि खोक्याचं बळ जाईल. त्यात तपकिरी कागद रंगांचा तजेला खातो. त्याच्यावरचा पिवळा पांढऱ्या कागदावरच्या पिवळ्यासारखा झळकत नाही. अगदी हुबेहूब मोर हवाच असेल तर तो वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवतात. ते सुंदर दिसतं, पण महाग पडतं. मी दुकानदार असते तर बाहेरच्या खोक्यावर एकाच गडद रंगात मोराची रेघ काढली असती आणि उरलेले पैसे जाड कागदावर घातले असते.

नग किती हा प्रश्नही महत्त्वाचा. ठसे बनवणं, यंत्रावर चढवणं, रंग जुळवणं, या सगळ्याला शंभर खोक्यांसाठी जेवढे श्रम पडतात तेवढेच दोन हजारांसाठी पडतात. समजा त्याला दोन हजार रुपये लागले. शंभर खोकी घेतली तर प्रत्येकावर वीस रुपये चढले. दोन हजार घेतली तर एकच रुपया. म्हणून काका थोड्या नगांना कुरकुरतात.

माप मात्र आतलं द्यायचं, लांबी, रुंदी, उंची याच क्रमानं. बाहेरचं माप दिलं तर पुठ्ठ्याची जाडी आतली जागा खाते आणि साडीची पेटी आत मावत नाही. मग मोठंच खोकं घेऊ की! तसंही चालत नाही. साडी आत हिंदकळते, आणि कुरिअरचा हिशेबही आडवा येतो. बऱ्याच कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला 5000 नं भागतात. उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर पैसे त्या उत्तराप्रमाणे लावतात, कारण गाडीतली जागाही मोलाची असते. 38 × 28 × 7 च्या खोक्याचं उत्तर येतं साधारण दीड किलो. तीच साडी 45 × 35 × 15 च्या खोक्यात घातली तर पावणेपाच किलोंचे पैसे मोजायचे, आणि आत काय? हवा!

पैठणीसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. अस्सल जरीत चांदी असते, आणि चांदीला गंधकाचं वावडं. गंधकाची संयुगं लागली की ती काळी पडते. खोक्याचा मजबूत क्राफ्ट कागद ज्या पद्धतीनं बनतो ती पद्धत कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञानं शोधली. तिच्यात लाकूड शिजवायला गंधकयुक्त रसायन वापरतात, आणि त्याचा अंश कागदात उरू शकतो. म्हणून साडी थेट पुठ्ठ्याला टेकू द्यायची नाही. आधी तिला स्वच्छ सुती कापडात गुंडाळायचं. आजी पैठणी जुन्या मऊ धोतराच्या कापडात बांधून ठेवत असेल, तर तिचं रसायनशास्त्र पक्कं आहे!

आणि पाऊस. कागद म्हणजे लाकडाचे तंतू, आणि तंतू हवेतला ओलावा पितात. खूप दमट हवेत, नुसत्या हवेनंच, खोक्याची भार पेलायची ताकद निम्म्याच्या आसपास येते. म्हणून खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायची, आणि साडीला आतून प्लॅस्टिकची पिशवी घालायची. याच नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांची खोकी परदेशी जातात तेव्हा तर ती दिवसचे दिवस थंड, दमट कंटेनरमध्ये असतात. शिवाय हवा खेळावी म्हणून त्यांना भोकंही पाडावी लागतात, आणि प्रत्येक भोक भिंतीला थोडं कमजोर करतं. कुठे भोक पाडायचं आणि कुठे नाही, यावर डोकं चालवणारी माणसं असतात. त्यांना आधी सांभाळायचे असतात ते कोपरे!

एवढं झालं की काका न छापलेला एक नमुना पाठवतात. तो हातात आला की लगेच हजार नगांची ऑर्डर द्यायची नाही. आधी तो पाडून बघायचा! जगभर रूढ असलेल्या एका चाचणीत दहा किलोंच्या आतलं भरलेलं खोकं साधारण 76 सेंटीमीटरवरून दहा वेळा टाकतात: एकदा एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. कोपरा निवडतात तो तळाचा, जिथे खोक्याचा जोड आहे तिथला, कारण तिथे ते फाटण्याची भीती जास्त. तुम्हीही करा. पैठणीऐवजी जुने टॉवेल घडी करून भरा, झडपा चिकटपट्टीनं नीट बंद करा, टेबलाच्या उंचीवरून कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी कुठे चेपलं ते पेन्सिलीनं खोक्यावरच लिहा.