एमआरआयमधील लोहकण : मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी एक पर्याय

एमआरआयसाठी गेलेल्या रुग्णाकडे पुष्कळदा आधी क्रिएटिनिनचा अहवाल मागितला जातो. छायाचित्र मेंदूचे काढायचे, मग मूत्रपिंडाची चौकशी कशाला, असा प्रश्न घरच्यांना पडतो. याचे उत्तर शिरेतून टोचल्या जाणाऱ्या कॉन्ट्रास्ट द्रव्यात आहे. लोक त्याला ‘डाय’ म्हणत असले, तरी त्याने शरीरातील काहीही रंगत नाही. ते काम करते चुंबकत्वाने.

एमआरआय यंत्र आपल्या शरीरातील पाण्याचा वेध घेते. पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके १.५ किंवा ३ टेस्लाच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात आणून रेडिओलहरींनी ढळवली, की ती पूर्वस्थितीत परततात. त्यांना लागणारा वेळ प्रत्येक ऊतीत निराळा असतो आणि त्या फरकातून प्रतिमा साकारते. निरोगी व रोगट भागांतील हा फरक पुसट असेल, तेव्हा कॉन्ट्रास्ट द्रव्य तो ठळक करते.

१९८८ पासून या कामी मुख्यतः गॅडोलिनियम हा धातू वापरला जातो. मुक्त स्वरूपात तो विषारी असल्याने त्याला रेणूच्या पिंजऱ्यात जखडून देतात आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निकामी असतील, तर तो शरीरात रेंगाळतो व पिंजऱ्यातून सुटण्याचा धोका वाढतो. त्वचा आणि सांधे ताठर करणाऱ्या एका गंभीर विकाराशी त्याचा संबंध २००६ मध्ये युरोपातील डॉक्टरांच्या ध्यानी आला. आजच्या घट्ट बांधणीच्या द्रव्यांत हा धोका अत्यल्प आहे; तरीही खबरदारी म्हणून क्रिएटिनिन पाहिले जाते.

येथेच लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांचे महत्त्व कळते. लोह ऑक्साइड गोमंतकीयांना अपरिचित नाही. आपल्या खाणींतील हेमेटाइट हे त्याचेच एक रूप. औषधातील कण मात्र प्रयोगशाळेत घडवतात. त्यांचा गाभा काही नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान असतो आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर शर्करेच्या जातीच्या पदार्थाचे आवरण चढवतात. इतक्या लहान आकारामुळे ते यंत्राच्या क्षेत्रात असेपर्यंतच चुंबकासारखे वागतात. क्षेत्र दूर होताच त्यांचे चुंबकत्व मावळते. शिवाय त्यांचा निचरा मूत्रपिंडांवर अवलंबून नसतो. यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी ते गिळतात आणि त्यांतील लोह शरीराच्या नेहमीच्या साठ्यात जमा होते.

या गुणाचा पहिला उपयोग यकृताच्या तपासणीत झाला. निरोगी यकृत कण शोषून प्रतिमेत काळवंडते. भक्षक पेशी नसलेली गाठ उजळच राहते आणि नेमकी उठून दिसते. अमेरिकेत १९९६ मध्ये अशा औषधाला मान्यता मिळाली, परंतु मागणीअभावी ते पुढे बाजारातून गेले. २००९ मध्ये फेरुमॉक्सिटॉल हे लोहकणांचे औषध तेथे मान्य झाले, तेही मूत्रपिंडाच्या रुग्णांतील पंडुरोगासाठी. ते रक्तात बराच काळ टिकत असल्याने क्ष-किरणतज्ज्ञांनी त्याचा उपयोग रक्तवाहिन्यांच्या एमआरआयसाठीही सुरू केला.

हा पर्याय निर्धोक मात्र नाही. क्वचित जीवघेणी अॅलर्जी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये तसा ठळक इशारा दिला. दुसरी अडचण काळ्या खुणेची. रक्तस्रावही प्रतिमेत काळा दिसू शकत असल्याने अर्थ लावताना गफलत संभवते. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सुमारे ३ नॅनोमीटर गाभ्याचे कण मांडले. ते प्रतिमा काळी न करता उजळवतात, आणि अतिसूक्ष्म असल्याने मूत्रावाटे बाहेर पडू शकतात. अर्थात, मूत्रावाटे निचरा म्हटला की मूत्रपिंडांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

तोवर रुग्णाने दोन गोष्टी न विसरता सांगाव्यात : मूत्रपिंडाचा विकार किंवा औषधाची अॅलर्जी आहे काय, आणि गेल्या तीन महिन्यांत शिरेतून लोहाचे औषध घेतले आहे काय. अशा काही औषधांचे कण तेवढा काळ प्रतिमेत डोकावू शकतात.